तापाचा पत्ता

वीस जुलै, रविवार. आज कोरडा दिवस, म्हणजे घरात साठलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची आणि पालथी घालायची. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, कूलरची टाकी, बाल्कनीत विसरलेली बादली. मला अर्धा तास लागतो. पुण्याजवळच्या मांजरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी दर शनिवारी आठवण टाकते. त्यावर पंचवीस जण नमस्काराचे हात टाकतात आणि दोन जण पाणी ओततात. उरलेल्यांचं म्हणणं असतं की डास त्यांच्याकडे नाहीत, वरच्या मजल्यावर आहेत. वरच्या मजल्याचं म्हणणं असतं की ते लिफ्टच्या खड्ड्यात आहेत. परवा सेक्रेटरींनी मला जिन्यात विचारलं, "मॅडम, तुम्हाला डासांचं एवढं काय आहे हो?" जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून बशा घासून झाल्यावर लिहायला बसले आहे.

पुण्यातल्या शनिवार पेठेतून आम्ही शहराच्या कडेला धायरीत राहायला आलो तेव्हा मी आठवीत होते. पेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि आम्ही त्या सोडल्या नव्हत्या. घरमालक जुनी इमारत पाडून नवी बांधणार होता, आणि जो भाडेकरू तिथे राहतो त्यालाच नव्या इमारतीत जागा मिळणार होती. बाबा जवळच्याच एका छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करत. रोज धायरीहून बसने जात आणि येताना दोन-तीन दिवसांआड त्या खोल्यांचं कुलूप काढून, खिडकी उघडून, घरमालकाला दिसेल असा दिवा लावून तासभर बसून येत. दोरीवर आमचे जुने कपडे वाळत घातलेले असत. ते कधीच ओले केलेले नव्हते. रेशन कार्ड, गॅस, बाबांचं मतदार ओळखपत्र, माझा शाळेचा दाखला, सगळ्यावर तोच पत्ता. कुणीही विचारलं की काय सांगायचं हे मला पाढ्यासारखं पाठ होतं: शनिवार पेठ, पुणे तीस. शेवटच्या दोन शब्दांवर, म्हणजे पिनकोडावर, बाबांचा विशेष जोर असे. धायरीचं पुणे एक्केचाळीस हे त्यांच्या मते पुणेच नव्हतं, नुसताच आकडा होता.

धायरीतलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. नळाला पाणी दिवसाआड यायचं आणि सगळं घर त्या वेळापत्रकावर चालायचं. पाणी यायच्या दिवशी पहाटेपासून गल्लीतल्या सगळ्या मोटारी एका सुरात घुमायला लागत, जिन्यातून बादल्यांचा खणखणाट होई आणि त्यावर आईच्या शिलाई मशीनचा आवाज. आई ब्लाउज शिवायची. खिडकीजवळ मशीन, कारण तिथे उजेड होता, आणि मशीनच्या मागे दोन निळी पिंपं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. दिवसभर ती तिथेच. पाणी आलं की चारीठाव स्वयंपाक व्हायचा: भाकरी, भरली वांगी, आमटी, भात, कोशिंबीर. पाणी नसलेल्या दिवशी एका पातेल्यात मुगाची खिचडी आणि ताटाऐवजी वाटगा, घासायला कमी. पिंपं तळापर्यंत कधीच रिकामी होत नसत. खालचं पाणी तसंच ठेवून वरून नवीन भरायचं. त्यात बारीक वळवळणारे किडे दिसले की आई जुन्या मलमलीचा तुकडा लावून पाणी गाळून घ्यायची. ते किडे पुढे काय होतात हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नव्हता. मी अकरावी सायन्सला होते, तरीही पडला नव्हता. ही गोष्ट मी माझ्या मुलांना सांगत नाही.

तळमजल्यावर गजराकाकू राहायच्या. आमची इमारत त्यांच्याच जमिनीवर उभी होती, त्यामुळे गल्लीत त्यांचा शब्द चाले. त्यांना आम्ही पेठेतले म्हणून जरा गंमत वाटे. "काय ग, आज पेठंतली मंडळी खिचडीवरच का?" असं खालूनच विचारायच्या, आणि मग वाटीभर कोंबडीचा रस्सा वर पाठवायच्या. त्यांच्या अंगणात दहा-बारा कोंबड्या होत्या. त्या पावसाळ्यात गावागावांतून चिकुनगुन्याच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा काकूंनी दोन दिवसांत सगळ्या कोंबड्या विकल्या.

"कोंबडीनं हुतो ह्यो ताप," त्या आईला म्हणाल्या. "नावातच हाय की."

कोंबड्या गेल्या. त्यांचं पाणी प्यायचं दगडी भांडं मात्र अंगणात तसंच राहिलं, काठोकाठ भरलेलं. आता ते कुणी पीतही नव्हतं.

हा ताप कसा आला हे मी नंतर पुष्कळ वर्षं पाहत आले आहे, कारण पुढे माझी नोकरीच रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. पहिल्यांदा तो दुष्काळी भागातून ऐकू आला, जिथे माणसं आठवड्याचं पाणी रांजणात भरून ठेवतात. मग तो एसटीच्या रस्त्यांनी शहराकडे सरकला. तो चालत नाही, त्याला माणसं आणतात. आणि डास तर आधीपासून असतातच. शहरात आल्यावर तो जुन्या वस्तीत फार रमला नाही. जिथे नवं बांधकाम, स्लॅबवर साठवलेलं पाणी, टँकर आणि पिंपं, तिथे त्याने घर केलं. पुढे डेंग्यूनेही तोच रस्ता धरला. पूर्वी पावसाळा संपला की दोन महिन्यांत ताप आवरायचा. आता दिवाळीचे फटाके संपले तरी लॅबमध्ये रांग असते. तेव्हा तो 'तिकडचा' ताप होता. आता त्याला तिकडचा-इकडचा असं काही राहिलेलं नाही, पण लोकांचा शेजाऱ्याकडे बोट दाखवायचा जोर कमी झालेला नाही.

आमच्या गल्लीत पहिला आडवा झाला तो वरच्या मजल्यावरचा गवंडी. मग कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. मग एकेका घरातून माणसं कमरेत वाकून, भिंत धरून चालताना दिसायला लागली. लंगडा ताप म्हणायचे त्याला. चार दिवसांत ताप उतरायचा, पण सांधे महिनोन् महिने सुजलेले राहायचे. एका सकाळी आईच्या मशीनचा आवाज आला नाही. ती अंथरुणातच होती आणि तिला उशीवर हातसुद्धा टेकवत नव्हता.

बाबांचा विश्वास फक्त गावातल्या, म्हणजे पेठांतल्या, डॉक्टरांवर. म्हणून आईला रिक्षाने गावात, एका मोठ्या दवाखान्यात नेलं. बाबा तिला धरून बाकावर बसले आणि केस पेपर काढायला मला पाठवलं. खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "नाव? वय? कुठले?"

कुठले. मराठीत हा प्रश्न विचारला की माणूस आपण कुठे झोपतो ते सांगत नाही, आपण कुणाचे आहोत ते सांगतो. मी म्हणाले, "शनिवार पेठ, पुणे तीस." बाईंनी लिहून घेतलं. मला वाटलं, चला, एक काम नीट झालं.

आईचा ताप पाचव्या दिवशी उतरला. बोटांची सूज उतरली नाही. तिला सुईत दोरा ओवता येईना, कात्री धरता येईना, भाकरी थापता येईना. मी खिचडी करायला शिकले आणि पाणी यायच्या दिवशीही तीच करू लागले. शिवायला आलेले ब्लाउज पीस मी बायकांना परत नेऊन दिले. आईने ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आणि त्याच आठवड्यात गजराकाकूंची मुलगी सारिका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. नववा महिना. ती त्या दगडी भांड्यापासून चार हातांवर खाट टाकून बसायची.

हा ताप पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो, हे तोवर मी कॉलेजच्या वाचनालयात वर्तमानपत्रातून वाचलं होतं. मी घराघरात जाऊन सांगायला लागले की पिंपं रिकामी करा. दिवसाआड पाणी येतं आणि ही पोरगी ते ओतून द्या म्हणते. लोकांनी मला वेड्यात काढलं. इस्त्रीवाला म्हणाला, "आधी तुझ्या बापाला सांग ओतायला." बाबांना मी सांगून झालं होतं. ते म्हणाले होते, "आरोग्य खात्याचं पथक येईल तेव्हा बघू. सरकारी माणूस बोलला की ऐकीन." गजराकाकू म्हणाल्या, "कोंबड्या इकल्या न्हाई का मी? आणिक काय करू?" दगडी भांडं मी माझ्या हाताने उपडं केलं. दुसऱ्या दिवशी पावसाच्या आधी ते पुन्हा सरळ ठेवलेलं होतं, चिमण्यांसाठी.

पथक काही आलं नाही. दोन आठवडे वाट पाहून मी कॉलेज बुडवून आरोग्य कार्यालयात गेले. तिथे कांबळे नावाचे निरीक्षक होते. टेबलावर डबा उघडा, चपातीचा घास हातात, आणि समोरच्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा. प्रत्येक रुग्णामागे एक लाल डोक्याची टाचणी. शनिवार पेठेत टाचण्यांची दाटी झाली होती.

"धायरीत ताप आहे," मी म्हणाले.

"धायरीत ताप नाही," ते म्हणाले.

"आमच्या एका गल्लीत नऊ माणसं आडवी आहेत."

"असतील. माझ्याकडे आलेली नाहीत."

"माझी आई दवाखान्यात जाऊन आलीय. रक्तात निघालंय."

त्यांनी हात पुसला आणि रजिस्टर ओढलं. "नाव?" मी सांगितलं. बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. मग त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. आईचं नाव, वय, आणि पुढे शनिवार पेठ, पुणे तीस.

"हा पत्ता कुणी दिला?"

"मी."

त्यांनी नकाशातल्या शनिवार पेठेकडे पाहिलं. मग म्हणाले, "पंधरा दिवस झाले, माझी माणसं त्या पेठेत हौदात डोकी घालून फिरतायत. अळी मिळत नाही. शिव्या मिळतात. एका आजोबांनी माझ्या माणसाला पाण्याच्या टाकीशी नेलं आणि म्हणाले, बघा, पण हात न लावता. मला वरून विचारतात, एवढे रुग्ण आणि अळी कशी नाही? मी काय सांगू? आणि इथे तू सांगतेस की रुग्ण पेठेचे नाहीतच."

मी रजिस्टरची पानं उलटली. त्यांनी अडवलं नाही. इस्त्रीवाल्याने आपलं बीडजवळचं गाव सांगितलं होतं. गवंड्याने मुक्काम पोस्ट करून सोलापूरकडचं गाव. आमच्यासारखंच पेठेतून आलेलं शेजारचं एक कुटुंब, तेही पुणे तीस. प्रत्येकाला विचारलं होतं कुठले, आणि प्रत्येकाने खरं उत्तर दिलं होतं. कागदावर आमच्या गल्लीतला ताप तीन जिल्ह्यांत पसरला होता आणि आमची गल्ली ठणठणीत होती.

"पथक पाठवा ना," मी म्हणाले. "खाली एक नवव्या महिन्याची बाई आहे."

तेव्हा त्यांनी डबा बंद केला. बाळंतपणाच्या सुमारास आईला हा ताप आला तर तो बाळालाही होऊ शकतो, आणि ते वाईट असतं, एवढंच ते म्हणाले. "पण तुझ्या तोंडी सांगण्यावर मला पेठेतली माणसं काढता येत नाहीत. लेखी आण. रुग्णाचं नाव, ताप यायच्या आधीचे पंधरा दिवस तो खरोखर कुठे राहत होता, आणि त्याची सही. चार-पाच तरी. शुक्रवारी पुढच्या आठवड्याची पथकं ठरतात."

तो बुधवार होता. मी वहीची पानं फाडली आणि गल्लीत फिरले. इस्त्रीवाल्याने सही केली, कारण त्याला कागद कशाचा हेच ऐकून घ्यायचं नव्हतं. गवंड्याला भीती होती की धायरीचं नाव लिहिलं तर गावचं रेशन जाईल. त्याला समजवायला मला पाऊण तास लागला आणि शेवटी त्याच्या बायकोने त्याच्या हातात पेन दिलं. पेठेतल्या शेजाऱ्यांनी दारातूनच विचारलं, "तुझ्या वडिलांनी सही केलीय का? मग त्यांची झाली की आम्ही करू." पलीकडच्या घरातली एक धरून तीन सह्या झाल्या होत्या. चौथी आईची आणि पाचवी शेजाऱ्यांची राहिली होती.

गुरुवारी संध्याकाळी बाबा छापखान्यातून आले. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, घडीवरून बाइंडिंगच्या सवयीने नख फिरवलं आणि म्हणाले, "नाही."

"बाबा, सारिकाताईंचं बाळंतपण आठ-दहा दिवसांवर आहे."

"मला दिसतं. मी आंधळा नाही. पण हा कागद सरकारी दप्तरात जाईल. उद्या घरमालकाच्या वकिलाने काढला तर? बाईने स्वतः लिहून दिलंय की ती पेठेत राहत नाही. तीन वर्षं मी तिथे दिवे लावतोय, ते काय गंमत म्हणून? त्या खोल्यांवर तुझं शिक्षण आहे." मग म्हणाले, "आणि ताप काय पत्ता विचारून येतो?"

"ताप नाही विचारत," आई अंथरुणातून म्हणाली. "पथक विचारतं."

ती उठून बसली. बसायलाही तिला भिंत लागली. मला म्हणाली, "आण तो कागद."

मी पेन दिलं. तिने ते धरायचा प्रयत्न केला. बोटं मिटेनात. पेन पडलं, मी उचलून दिलं, पुन्हा पडलं. माझी आई मॅट्रिक झालेली होती. तिची सही वळणदार होती आणि माझ्या प्रगतिपुस्तकावर ती बाबांना सही करू देत नसे. ती म्हणाली, "वैशू, रिफिल मोड." मी बॉलपेनची कांडी मोडली, शाई तिच्या अंगठ्यावर पसरली. अंगठा इतका सुजलेला होता की त्यावर रेषाच दिसत नव्हत्या.

"अहो, अंगठा कशाला?" बाबांचा आवाज बदलला. बाबा आईला अहो म्हणत नसत. "लोकांना वाटेल अडाणी बाई आहे."

"वाटू दे," आई म्हणाली. "सही का होत नाही हे निदान त्या कागदावरून कळेल तरी."

आणि तिने अंगठा टेकवला. ठसा म्हणजे नुसता एक निळा गोळा उमटला. त्याखाली मी तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे, तिने सांगितलं तसं, राहणार धायरी. बाबा उठून गॅलरीत गेले. मी कागद घेऊन शेजाऱ्यांकडे गेले. त्यांनी वडिलांची सही कुठे म्हणून विचारलं. मी आईचा अंगठा दाखवला. शेजारच्या काकू, ताप त्यांनाच येऊन गेला होता, तो बघत राहिल्या, मग त्यांनी नवऱ्याला न विचारता सही केली.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाला चुटपुट नको. सोमवारी पथक आलं. आमच्या दोन्ही पिंपांत अळ्या निघाल्या आणि बाबांनी सरकारी माणसाच्या देखत ती मुकाट्याने ओतली. दगडी भांड्यातही निघाल्या. सारिकाला ताप आला नाही, मुलगी झाली, ठणठणीत. पथकामुळे की दैवाने, हे कुणी सांगू शकत नाही आणि मीही सांगणार नाही. आईची बोटं वर्षभराने वळायला लागली, पण काज-बटण तिने पुन्हा केलं नाही. पेठेतल्या खोल्या दोन वर्षांनी गेल्याच. घरमालकाने तो कागद कधी पाहिला नव्हता, त्याला दोरीवरचे न वाळणारे कपडे पुरेसे होते. बाबा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "त्या अंगठ्याने घालवलं." आईने त्यांना एकदाही उत्तर दिलं नाही, आणि मला त्याचा अजून राग येतो.

तर त्या शुक्रवारी सकाळी मी पहिली बस पकडून कार्यालयात गेले. कांबळे नुकतेच येऊन कुलूप काढत होते. त्यांनी पाचही कागद उभ्यानेच वाचले. आईच्या कागदापाशी थांबले, निळ्या गोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रजिस्टर काढून त्यांनी पाच ओळींत पत्ता खोडून नवीन लिहिला. मग नकाशाकडे गेले, शनिवार पेठेतून दोन टाचण्या उपटल्या, डबीतून आणखी तीन घेतल्या आणि त्यांचा हात नकाशावर खाली खाली सिंहगड रस्त्याने जात राहिला. कडेशी येऊन तो थांबला. नकाशा जुना होता. धायरीच्या आधीच संपत होता.

"आता कुठे लावू?" ते स्वतःशीच म्हणाले.

मी त्यांच्या हातातून टाचण्या घेतल्या. रस्ता जिथे कागदावरून संपत होता, तिथून चार बोटं पुढे, उघड्या भिंतीवर पहिली टाचणी टेकवली. गिलावा कडक होता, ती वाकली. दुसरी घेतली, पायातली चप्पल काढली आणि टाचेने ठोकली. ती बसली. मग उरलेल्या तीन ठोकल्या, आणि वाकलेली सरळ करून तीही.